एका लॉर्डने उचलून ठेवलेलं गाव: मिल्टन ॲबस

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की कॅलेंडरवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर जे चित्र असतं, ते दक्षिणेकडच्या डॉर्सेट परगण्यातल्या मिल्टन ॲबसला गेल्यावर तसंच्या तसं समोर दिसतं. उतारावरचा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना चुन्यासारखी पांढरी घरं, त्यांवर गवताची जाड छपरं, पुढे हिरवळीचा पट्टा. घरं ३६, आणि सगळी जवळजवळ एकसारखी. अठराव्या शतकात एका जमीनदाराला आपल्या वाड्याच्या अंगणात गाव नको होतं, म्हणून त्याने ते पाडलं आणि शेजारच्या दरीत नजरेआड हे नवं बांधलं. एवढी गोष्ट निघण्याआधी माहीत होती. बाकीची तिथे गेल्यावर कळत गेली.

मे अखेरीस शाळांना सुट्टी असते, तेव्हा आम्ही तिघं गेलो. मी, अभिजित आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. मुक्काम ब्लँडफर्ड फोरम या जवळच्या बाजारगावात. मिल्टन ॲबसमध्ये राहायची सोय कमी आणि महाग.

गुरुवार

साउदॅम्प्टनहून ब्लँडफर्डपर्यंत रस्ता छान आहे. पुढचे सात मैल मात्र एका गाडीपुरते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जात राहायचं. अभिजितला हे जमतं. मागच्या सीटवरून आईंचा रामरक्षेचा पाठ चालू होता.

आम्ही वरच्या टोकाकडून गावात उतरलो. झाडीतून रस्ता खाली वळतो आणि एकदम दोन्हीकडे घरं सुरू होतात. रस्ता सरळ नाही, हलकासा वाकलेला आहे. त्यामुळे सगळं गाव एका नजरेत येत नाही, चालावं तशी पुढची घरं उलगडत जातात. हा वाक मुद्दाम ठेवलेला आहे. या गावाच्या आखणीत त्या काळातला सगळ्यात मोठा बाग-आखणीकार लॅन्सलॉट ब्राउन, म्हणजे ‘केपेबिलिटी’ ब्राउन, याचा हात आहे. ब्लेनहाइम राजवाड्याभोवतीचं तळं आणि हिरवळ त्याचीच. घरांच्या बाबतीत वास्तुविशारद विल्यम चेंबर्सचंही नाव घेतात. लंडनमधलं सॉमरसेट हाउस बांधणारा तो हाच. इतकी मोठी माणसं आणि काम काय, तर मजुरांची घरं!

एका घराला शिड्या लागल्या होत्या आणि वर छप्पर शाकारणारा कारागीर काम करत होता. आई गाडीतून उतरल्या त्या थेट त्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी दरवर्षी पावसाआधी गुरांचा गोठा शाकारायचे. इथलं छप्पर किती वर्षं टिकतं, हे मी त्याला आईंच्या वतीने विचारलं. नीट केलेलं छप्पर पंचवीस-तीस वर्षं सहज जातं, कधी जास्तही. वरचा आढ्याचा भाग मात्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. गव्हाच्या काडाच्या पेंढ्या, त्या घट्ट बसवायला हेझलच्या फांद्यांच्या चिरून, पीळ देऊन वाकवलेल्या काड्या, आणि पाखरांनी काड्या उपसू नयेत म्हणून वरून तारेची जाळी. काडाची जाडी हातभर तरी होती. आईंनी त्याला खुणेने सांगितलं की आमच्याकडे वीतभर असते. तो हसला आणि खाली पडलेली एक वाकवलेली काडी त्यांना देऊन टाकली. ती आता साताऱ्याला देवघराशेजारी आहे.

भिंती मातीच्या आहेत हे त्या पांढऱ्या रंगाखाली कळत नाही. चुनखडीची माती, पेंढा आणि पाणी कालवून, तुडवून, थरावर थर चढवत नेलेल्या जाड भिंती. अशा भिंतीला पाया उंच आणि वरचं छप्पर पुढे आलेलं लागतं, नाहीतर पाणी मुरतं. म्हणूनच छपरांची पाखं इतकी खाली उतरलेली आहेत. पूर्वी घरांना पिवळट रंग होता आणि दोन घरांमध्ये एकेक हॉर्स चेस्टनटचं झाड लावलेलं होतं.

घर बाहेरून प्रशस्त, चौकोनी आणि श्रीमंत वाटतं. मधोमध दार, दोन्हीकडे खिडक्या. पण एका घरात दोन कुटुंबांनी राहायचं, अशीच मूळ आखणी होती. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या पाहुण्याला दिसणार टुमदार बंगला, आणि आत मजुराच्या वाट्याला वर एक, खाली एक खोली. फोटो काढण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तर बरं.

रस्त्याच्या मध्यावर एका बाजूला चर्च आहे आणि समोर वृद्ध गरिबांसाठीची धर्मादाय घरं. चर्च १७८६ चं, जेम्स वायटच्या हातचं. धर्मादाय घरं मात्र त्याहून शंभर वर्षं जुनी, १६७४ ची. नव्या गावात जुनी इमारत कशी? ती जुन्या गावातून सुटी करून, सामान वाहून आणून १७७९ मध्ये इथे पुन्हा उभी केली. अख्ख्या रस्त्यावर एवढी एकच इमारत जुन्या गावची साक्ष देते, आणि ती शेजारच्या घरांपेक्षा वेगळी, थोडी अवघडलेली दिसते. मला सगळ्यात आवडली ती हीच.

जेवण हॅम्ब्रो आर्म्स या पबमध्ये. हॅम्ब्रो हे बँकवाले. १८५२ मध्ये त्यांनी ही सगळी जहागीर विकत घेतली, त्यांचंच नाव पबला. शाकाहारी माणसाला इथे चिंता नाही. आईंना चीज घातलेला भाजलेला बटाटा मिळाला, आणि नंतर डॉर्सेटचा सफरचंदाचा केक, कोमट, वर दाट साय. केक त्यांना इतका आवडला की त्यांनी वाढणाऱ्या मुलीकडून त्यात दालचिनी आहे का याची खात्री करून घेतली. साडेनऊपर्यंत उजेड होता. आम्ही पुन्हा एकदा खालपर्यंत चालून आलो.

*जाणाऱ्यांसाठी:* बस फार कमी, गाडी असेल तरच सोयीचं. आगगाडीने आलात तर डॉर्चेस्टर साउथला उतरून टॅक्सी करावी. लंडनच्या वॉटर्लूहून तिथे थेट गाडी आहे. रस्त्यावर रहिवाशांच्या गाड्या लागलेल्या असतात, म्हणून गाड्यांविना फोटो हवा असेल तर आशाच सोडा. घरांत माणसं राहतात. हिरवळीवर बसून डबे उघडू नयेत, खिडकीतून डोकावू नये. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात गावाची जत्रा भरते, तेव्हा गावकरी अठराव्या शतकातले कपडे घालतात.

शुक्रवार

सकाळी ब्लँडफर्डमध्ये फेरफटका मारला. हे गाव १७३१ च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं आणि इथल्याच जॉन आणि विल्यम बास्टर्ड या भावांनी ते विटांचं, एकसंध उभं केलं. चर्चजवळ त्या आगीची आठवण म्हणून जॉनने १७६० मध्ये बांधलेला छोटा मंडप आहे. सात मैलांच्या अंतरात दोन गावं अठराव्या शतकात नव्याने बांधली गेली. एक जळालं म्हणून, दुसरं मालकाला नको होतं म्हणून.

पावसाची भुरभुर सुरू झाली तशी आम्ही मिल्टन ॲबसला परत गेलो. रस्त्याच्या खालच्या टोकापासून तळ्याकडे आणि तिथून मठाकडे पायवाट जाते. पाऊण तासाची निवांत चाल. तळं ब्राउनच्या योजनेतलं. त्यापलीकडे मोकळी हिरवळ आणि तिच्यावर अचानक मठाचं प्रचंड चर्च आणि त्याला लागून लॉर्डचा वाडा, दुसरं काही नाही. अशी चर्चं गावाच्या मधोमध असतात. हेही होतंच. आपण ज्या हिरवळीवर चालतो तिथे मिडल्टन नावाचं बाजाराचं गाव होतं, रस्ते, दुकानं, खाणावळी, शाळा, बाजारचौक यांसह.

मठ दहाव्या शतकातला, ॲथलस्टन राजाने ९३४ मध्ये स्थापलेला. १३०९ मध्ये वीज पडून चर्च जळालं आणि नवं बांधता बांधता अर्धंच राहिलं. पश्चिमेकडचा लोक बसतात तो लांब भाग कधी झालाच नाही. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा १५४० मध्ये जॉन ट्रेगॉनवेल नावाच्या राजाच्या वकिलाने हा मठ हजार पौंडांना विकत घेतला. त्याच्या वंशातल्या एका लहान मुलाची गोष्ट इथे सांगतात. पोरगं चर्चच्या छपरावरून खाली पडलं, पण त्या काळी लहान मुलगेही घेरदार झगे घालत. झग्यात वारा भरला आणि ते अलगद उतरलं. मोठेपणी त्याने देवाचे आभार म्हणून आपली पुस्तकं चर्चला दिली. आईंना ही गोष्ट पटली नाही. पण पोरगं वाचलं यावर त्या खूश होत्या.

१७५२ मध्ये जोसेफ डेमर याने जहागीर घेतली. पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला, मग डॉर्चेस्टरचा अर्ल. मठाच्या जुन्या इमारती पाडून नवा वाडा बांधायचा, भोवती ब्राउनची बाग करायची, असा त्याचा बेत. मध्ये आडवं येत होतं ते गाव. शाळेतली पोरं त्याच्या फळबागेत घुसायची, अशीही तक्रार सांगतात. ती शाळा त्याने संसदेत कायदा करवून घेऊन १७८५ मध्ये ब्लँडफर्डला हलवली. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या जहाजाचा कप्तान असलेला टॉमस हार्डी याच शाळेतला.

पण गाव पाडलं कसं? मला वाटत होतं, लॉर्ड होता, हुकूम सोडला असेल. तसं नव्हतं. घरं भाडेपट्ट्याने दिलेली होती आणि त्या काळचा पट्टा बहुधा ‘तीन आयुष्यांचा’ असे. पट्ट्यावर तीन माणसांची नावं. त्यांतलं शेवटचं माणूस मरेपर्यंत घर कुटुंबाचं, मग मालकाचं. डेमरने एवढंच केलं की पट्टे नव्याने द्यायचं थांबवलं, जमेल ते विकत घेतले, आणि एकेक घर हातात आलं की पाडलं. वीसेक वर्षं तो हे काम चिकाटीने करत होता. म्हणजे म्हाताऱ्या शेजाऱ्याला खोकला झाला की गावाच्या पोटात गोळा येत असणार.

विल्यम हॅरिसन नावाचा वकील मात्र हलेना. त्याच्या पट्ट्याची मुदत शिल्लक होती आणि कागद त्याला वाचता येत होता. डेमरने तळ्याचे दरवाजे उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं. हॅरिसन कोर्टात गेला आणि जिंकला.

हे मी आईंना चर्चच्या बाकावर बसून सांगत होते. त्यांचं माहेर कोयनेच्या धरणाखाली गेलं तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, तिथे रांगेत आखलेल्या घरात त्या वाढल्या. त्या विषयावर त्या फारसं बोलत नाहीत. आज म्हणाल्या, “आम्हाला निदान धरण तरी दाखवलं. वीज येणार, पाणी येणार म्हणाले. याला काय पाहिजे होतं? हिरवळ?”

मी म्हटलं, “हो आई, हिरवळच.”

“आणि तो भांडला तो वकील होता म्हणून. बिगारी असता तर?”

चर्चच्या आत डेमर आणि त्याची बायको कॅरोलाइन यांचं संगमरवरी स्मारक आहे. रॉबर्ट ॲडमची रचना, आगोस्तिनो कार्लिनीचं शिल्प. ती १७७५ मध्ये गेली, गाव पाडणं आणि बांधणं ऐन भरात असताना. ती शांत झोपलेली आहे आणि तो कोपरावर टेकून तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आहे. दगडात इतका ओला शोक मी क्वचित पाहिलाय. हा तोच माणूस, ज्याला वाडा बांधणाऱ्या चेंबर्सने पत्रात उद्धट आणि हुकूमबाज म्हटलं, आणि ज्याने वकिलाच्या घरात पाणी सोडलं. अभिजित म्हणाला, शिल्पकाराला पैसे त्यानेच दिले असणार. खरं आहे, तरी मी बराच वेळ तिथे उभी होते.

वाड्यात १९५४ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. आम्ही तो बाहेरूनच पाहिला. मठाच्या जुन्या इमारतींपैकी मठाधिपतीचं दालन डेमरने वाड्यात तसंच ठेवलं, त्याचं कोरीव लाकडी छत १४९८ चं आहे. चर्चसमोरच्या टेकडीवर सेंट कॅथरिनचं छोटं प्रार्थनाघर आहे आणि तिथवर सरळ रेषेत चढणाऱ्या गवताच्या १११ पायऱ्या खालून दिसतात. पावसात त्या हिरव्यागार चमकत होत्या.

*जाणाऱ्यांसाठी:* चर्च आणि वाड्याभोवतीचा भाग कधी उघडा असतो ते निघण्याआधी पाहून घ्या. पायवाट चिखलाची आहे, चपला नकोत. पावसाळी दिवशी उलट जास्त छान दिसतं, आणि माणसंही नसतात.

शनिवार

आईंच्या ‘बिगारी असता तर?’ या प्रश्नाचं उत्तर तिथून वीसेक मिनिटांवर आहे, टॉलपडल गावात. आधी ठरवलं नव्हतं, त्या प्रश्नामुळेच आम्ही तिकडे वळलो.

टॉलपडल मिल्टन ॲबसइतकं देखणं नाही. साधं, पांगलेलं गाव. चौकात सायकॅमोरचा एक जुना, फुटलेला, आधार दिलेला वृक्ष. १८३३ मध्ये इथले शेतमजूर आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर आले होते आणि मालक ६ वर आणायच्या गोष्टी करत होते. जॉर्ज लव्हलेस आणि सोबत्यांनी मजुरांची सोसायटी काढली. या झाडाखाली ते जमत, असं सांगतात. संघटना करणं तेव्हा बेकायदा नव्हतं. म्हणून त्यांना पकडलं ते गुप्त शपथ घेतल्याबद्दल, आणि तेही नौदलातल्या बंडानंतर १७९७ मध्ये केलेल्या कायद्याखाली. सहा जणांना सात वर्षांची ऑस्ट्रेलियातली हद्दपारी. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

परतलेल्या सहांपैकी पाच जण पुढे कॅनडात गेले. एकटा जेम्स हॅमेट टॉलपडललाच राहिला आणि १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी घरात वारला. चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, वरचा दगड एरिक गिलने कोरलेला. इथे पुन्हा एक रांग भेटली. १९३४ मध्ये, शंभर वर्षं झाल्याच्या निमित्ताने, ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने निवृत्त शेतमजुरांसाठी सहा घरं बांधली, प्रत्येक घराला त्या सहांपैकी एका ‘हुतात्म्या’चं नाव. मधल्या दालनात आता संग्रहालय आहे. एकसारखीच घरं, पण इथे मालकाच्या नजरेसाठी काही आखलेलं नाही. पुढ्यात वाटाणे आणि बटाट्याचे वाफे होते.

संग्रहालयात बसलेल्या एका निवृत्त रेल्वे कामगाराने आईंना खुर्ची दिली आणि कुठून आलात विचारलं. मुंबईच्या गिरणी कामगारांबद्दल त्याला बरंच माहीत होतं. १९८२ च्या संपाच्या काळात आपल्या युनियनने पैसे पाठवले होते का हे आठवायचा त्याने फार प्रयत्न केला. आठवलं नाही, पण चहा मात्र मिळाला.

मग डॉर्चेस्टर. ज्या खोलीत त्या सहा जणांचा खटला चालला ती शायर हॉलमधली कोर्टाची खोली तशीच ठेवली आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहता येतं. खाली कोठड्या. पिंजऱ्यातून न्यायाधीशाची खुर्ची इतकी उंच दिसते की मान वर करावी लागते.

शहराच्या पश्चिमेला पाउंडबरी. जमीनदाराने आखलेलं गाव ही गोष्ट इंग्लंडमध्ये संपलेली नाही. ही जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स यांच्याकडची, आणि लिऑन क्रिए यांच्या आराखड्यानुसार १९९३ मध्ये बांधकाम सुरू झालं. जुन्या पद्धतीच्या विटा, दगड, कमानी, वळणदार गल्ल्या, घरांतच मिसळलेली दुकानं आणि कामाच्या जागा, आणि कमी भाड्याची घरं वेगळी न टाकता सगळ्यांत पसरलेली. ही शेवटची गोष्ट मला मनापासून आवडली. कुठलं घर कुणाचं हे बाहेरून कळत नाही, आणि मिल्टन ॲबसच्या सारखेपणाहून हा सारखेपणा वेगळा आहे. बाकी मात्र नाटकाच्या नेपथ्यात फिरल्यासारखं वाटत राहिलं. राणीच्या आईच्या नावाच्या चौकात खांब, पुतळा, सोनेरी अक्षरं, आणि मधे सगळ्या बाजूंनी लावलेल्या गाड्या.

कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना विचारलं, कसं वाटतं इथे राहायला? म्हणाल्या, छान, शांत, दुकानं चालत जाण्यासारखी. फक्त घराच्या बाहेर काही बदलायचं तर आधी परवानगी लागते. आईंना भाषांतर करून सांगितलं, त्यावर त्यांनी विचारलं, “अंगणात तुळस चालते का?” बाईंनी चालेल असं सांगितलं.

*जाणाऱ्यांसाठी:* टॉलपडलला जुलैत कामगारांचा मोठा उत्सव असतो, तेव्हा गर्दी टाळायची असेल तर तो आठवडा सोडा. शायर हॉलला तासभर, संग्रहालयाला तेवढाच. पाउंडबरी अर्ध्या तासात होतं. पायांत जोर असेल तर उरलेल्या वेळात शहराच्या दक्षिणेचा मेडन कॅसल हा लोहयुगातला मातीचा किल्ला चढा. आम्ही चढलो नाही, कारण आईंचे गुडघे.

परतताना वाटेत शेतावरच्या दुकानातून ब्लू विनी हे इथलं निळ्या शिरांचं चीज घेतलं. अभिजितला फार आवडलं. आईंनी झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि डबा त्याच्याकडे परत दिला.